‘येतं ना घ्यायला?’ नको, ‘करून दाखवा’ म्हणा : औषध दुकानांतल्या फार्मासिस्टांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या औषध दुकानांत काम करणाऱ्या सर्व फार्मासिस्ट बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या जुनाट विकाराचा) पेशंट डॉक्टरांकडे दोन-तीन महिन्यांतून एकदा जातो, बरं वाटलं तर तेवढंही जात नाही. तुमच्या काउंटरवर मात्र तो दर महिन्याला उभा असतो. फवाऱ्याचा पंप, रोटाकॅप म्हणजे ओढायच्या भुकटीच्या कॅप्सूल, त्या ओढायचं मशीन, सगळं तुमच्या हातून त्याच्या हातात जातं. तो ते चुकीचं वापरत असेल तर ते दिसण्याची शेवटची जागा तुमचं काउंटर आहे. पिशवी घेऊन तो घरी गेला की त्याच्याकडे पाहणारं कुणी नसतं. म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

मागणी एकच आहे. इनहेलर देताना ‘येतं ना घ्यायला?’ असं विचारू नका, ‘कसं घेता, करून दाखवा’ असं म्हणा. पहिल्या प्रश्नाला प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो, दहा वर्षं चुकीचं घेणाराही. करून दाखवायला सांगितलं की अर्ध्या मिनिटात चूक डोळ्यांसमोर येते.

याला इतकं महत्त्व का, ते एका हिशोबात समजतं. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाची मोठी गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत ४० फवाऱ्यांइतकं औषध आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप फार स्ट्राँग असतो, त्यापेक्षा गोळीच द्या’ असं म्हणणाऱ्याला हा आकडा जरूर सांगा. गोळीतलं औषध आधी रक्तात आणि मग अंगभर फिरतं, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थेट श्वासनलिकेत जातो, म्हणून एवढासा डोस पुरतो. पण त्याच कारणाने इथे चुकीला जागा नाही. पद्धत बरोबर असली तरी फवाऱ्यातला थोडाच भाग फुप्फुसात उतरतो, बाकीचा तोंडात आणि घशात बसतो. त्यात पद्धत चुकली तर श्वासनलिकेपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही. मग पेशंट म्हणतो औषध लागू पडत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. औषध चांगलं असतं, डोसही बरोबर असतो, चुकलेलं असतं फक्त श्वास ओढणं.

आधी पंपाचं पाहू. टोपण काढल्यावर पहिल्यांदा तोंडीत, म्हणजे पंपाच्या तोंडात धरायच्या टोकात, डोकवायला सांगा. पंप खिशात किंवा पर्समध्ये टोपणाविना फिरतो, त्यात नाणं, गोळीच्या पाकिटाचा तुकडा, सुपारीचं खांड अडकतं आणि फवाऱ्याबरोबर ते श्वासनलिकेत ओढलं जाऊ शकतं. मग औषधाची धातूची डबी वर आणि तोंडी खाली अशा स्थितीत पंप चार-पाच वेळा चांगला हलवायचा. बहुतेक पंपांत औषध विरघळलेलं नसतं, त्याचे बारीक कण द्रवात तरंगत असतात आणि पंप ठेवून दिला की ते वेगळे होतात. न हलवता दाबलं तर एका फवाऱ्यात औषध कमी, दुसऱ्यात जास्त. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी काही फवारे हवेत सोडावे लागतात. किती, ते त्या-त्या पंपाच्या माहितीपत्रकात असतं. ते बारीक अक्षर पेशंट वाचणार नाही, तुम्ही वाचून आकडा सांगा.

पुढची पायरी हमखास गाळली जाते : पंप तोंडाशी नेण्याआधी श्वास सावकाश, जमेल तेवढा बाहेर सोडणं. हंडा आधीच भरलेला असेल तर त्यात आणखी पाणी मावत नाही. मग ताठ बसून किंवा उभं राहून, हनुवटी किंचित वर करून, तोंडी दातांच्या मध्ये धरायची, ओठ तिच्याभोवती घट्ट मिटायचे, जीभ खाली ठेवायची. तोंडाने श्वास आत ओढायला सुरुवात करायची आणि ती करताकरताच डबी एकदा दाबायची. दाबल्यावर ओढणं थांबवायचं नाही. मनात तीन ते पाच अंक मोजून होईपर्यंत, शहाळ्याचं पाणी नळीने सावकाश ओढावं तसं ओढत राहायचं. मग पंप बाजूला करून, तोंड मिटून, दहा अंकांपर्यंत किंवा सोसवेल तितका वेळ श्वास रोखायचा. औषधाचे कण आत पोचले तरी हवेत तरंगत असतात, त्यांना श्वासनलिकेच्या भिंतीवर बसायला हा वेळ लागतो. लगेच श्वास सोडला तर ते आले तसे बाहेर जातात. दुसरा फवारा सांगितला असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबायचं, पंप पुन्हा हलवायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. एका श्वासात दोनदा दाबणं म्हणजे दोन डोस नव्हेत.

चुका कुठे होतात ते पाहायला पेशंटच्या बोटाकडे आणि छातीकडे एकाच वेळी लक्ष ठेवा. बोट आधी दाबलं गेलं आणि छाती नंतर हलली, तर फवारा जिभेवर आणि घशाच्या मागच्या बाजूला आदळला. छाती आधीच भरली आणि बोट शेवटी दाबलं गेलं, तर औषधाला आत न्यायला श्वासच उरला नाही. काही जण फवारा तोंडात मारतात आणि श्वास नाकाने घेतात. स्वतःच्या ते मुळीच ध्यानात येत नाही, तुम्हालाच सांगावं लागतं. काहींच्या घशाला फवाऱ्याचा गार झोत लागला की श्वास दचकून तिथेच थांबतो. ओठांच्या कोपऱ्यातून किंवा नाकातून पांढरा धूर दिसला तर तो डोस वाया गेला असं समजा. पेशंटला आरशासमोर उभं राहून घ्यायला सांगा. धूर दिसला की चूक त्याची त्यालाच कळते.

आता भुकटीच्या कॅप्सूल. इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणं. चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिलेलं असतं, हातात कॅप्सूल असते, मग गिळायची नाही हे पेशंटला कसं कळावं? हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. ओढायच्या कॅप्सूल लोक गिळतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००८ साली जाहीर सूचना काढावी लागली होती. मशीन संपलंय म्हणून नुसत्या रोटाकॅप देऊन ‘मशीन उद्या घेऊन जा’ असं कृपा करून सांगू नका. त्या रात्री ती कॅप्सूल पोटातच जाण्याची शक्यता जास्त.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूलची पारदर्शक बाजू आधी चौकोनी भोकात घालायची आणि वरचं टोक भोकाच्या कडेशी समतल येईपर्यंत दाबायचं. मग मशीनचा तळ अडेपर्यंत फिरवायचा, की आत कॅप्सूलचे दोन भाग वेगळे होऊन भुकटी मोकळी होते. नुसती भोकात ठेवून न फिरवता ओढणारे बरेच असतात. बंद कॅप्सूल किती जोराने ओढली तरी त्यातून काय येणार? रिव्होलायझरमध्ये वरचा भाग उघडून पारदर्शक बाजू खाली ठेवून कॅप्सूल घालायची आणि पूर्ण दाबून बंद करायचं, म्हणजे आतल्या सुया तिला भोकं पाडतात. अर्धवट बंद केलं तर भोक पडत नाही. मशीन कोणतंही असो, श्वास बाहेर सोडायचा तो मशीनपासून तोंड वळवून. आत फुंकर गेली तर भुकटी उडते आणि तोंडातल्या वाफेने उरलेली चिकटून बसते.

आणि ओढायचं कसं? पंपाच्या अगदी उलट. पंपात औषधाला ढकलणारा वायू असतो, भुकटीला ढकलणारं काहीच नसतं. ती पेशंटच्या श्वासाच्या जोरावरच फुटते, उडते आणि आत जाते. म्हणून पहिल्या क्षणापासून जोरात, एका दमात, खोल ओढायचं. पंप सावकाश, भुकटी जोरात. एकाच पेशंटकडे दोन्ही असतात आणि तो दोन्ही एकाच पद्धतीने घेतो, असं नेहमी घडतं. ही दोन वाक्यं तुम्ही रोज दहा जणांना सांगितलीत तरी कमीच पडतील. ओढून झाल्यावर श्वास रोखायचा, मग मशीन उघडून कॅप्सूलचं कवच उजेडाकडे धरून बघायचं. पारदर्शक भागात पांढरी भुकटी चिकटलेली दिसली तर पुन्हा एकदा ओढायचं. या भुकटीत बहुतांश लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असतं, म्हणून कुणाच्या जिभेला किंचित गोडसर लागते, कुणाला काहीच लागत नाही. काही लागलं नाही म्हणून लगेच दुसरी कॅप्सूल घ्यायची नाही, कवच बघायचं.

ज्याच्या श्वासात एवढा जोर नाही, म्हणजे थकलेले आजोबा, सीओपीडी फार वाढलेला पेशंट, पाच-सहा वर्षांखालचं मूल किंवा ऐन अ‍ॅटॅकमध्ये धाप लागलेला माणूस, त्याला भुकटीचं मशीन उपयोगाचं नाही. काउंटरवर करून दाखवताना कॅप्सूलमध्ये भुकटी तशीच उरतेय असं दिसलं तर डॉक्टरांना फोन करा किंवा चिठ्ठीवर तशी नोंद करून परत पाठवा.

त्यांच्यासाठी, आणि खरं तर पंप घेणाऱ्या प्रत्येकासाठी, स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, ही फार गुणाची वस्तू आहे. ‘तो लहान मुलांसाठी असतो’ हा समज मोडायला हवा. बोट आणि श्वास यांचा मेळ जमवण्याची गरजच स्पेसरमुळे उरत नाही. मोठे थेंब नळीच्या भिंतीवर बसतात, बारीक कण आत जातात, घशात औषध कमी बसतं. मात्र एका वेळी एकच फवारा सोडायचा आणि लगेच ओढायचं. फवारा सोडून बोलत बसलं की औषध नळीलाच चिकटतं. एक खोल सावकाश श्वास घेऊन रोखायचा. ते जमत नसेल तर नळी तोंडातून न काढता पाच-सहा साधे श्वास घ्यायचे. प्रत्येक श्वासाला झडप हलते, ते आई-वडिलांना बोटाने दाखवा. झडप हलत नसेल तर औषध जात नाही. बाळाचा मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकून गालांवर फट न राहता बसला पाहिजे. मूल रडत असताना दिलेलं औषध जवळजवळ सगळं वाया जातं, म्हणून आधी त्याला शांत करायचं.

साध्या प्लास्टिकच्या स्पेसरवर स्थिर वीज जमते आणि औषध भिंतीकडे खेचलं जातं. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात तो बुचकळायचा आणि उभा ठेवून वाऱ्यावर वाळू द्यायचा. आतून कापडाने पुसला तर घासण्याने वीज पुन्हा तयार होते. नवा स्पेसरही आधी असाच धुऊन मग वापरायचा. पैशांची खरोखर अडचण असेल तर हेही माहीत असू द्या : दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला केलेल्या आणि १९९९ साली छापून आलेल्या अभ्यासात, दम्याचा अ‍ॅटॅक आलेल्या मुलांना पाचशे मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडीच्या मापाचं भोक पाडून, फट बंद करून औषध दिलं, तर ते विकतच्या स्पेसरइतकंच लागू पडलं. थर्माकोलच्या पेल्याने मात्र तसं काम दिलं नाही. स्पेसर परवडतच नाही म्हणून मोकळा पंप तोंडात मारणाऱ्या मुलाला ही बाटली बरी.

पंप संपला हे कसं ओळखायचं, हा प्रश्न तुम्हाला रोज विचारला जात असेल. डबी पाण्यात तरंगते की बुडते ते पाहा, हा सल्ला आता कुणालाही देऊ नका. त्यावरून काही कळत नाही आणि झडपेत पाणी जाऊन पंप बिघडू शकतो. हलवून आवाज ऐकण्यातही अर्थ नाही, कारण औषध संपलं तरी ढकलणारा वायू शिल्लक असतो आणि फवारा उडतच राहतो. पेशंटला वाटतं आपण औषध घेतोय, तो घेत असतो नुसता वायू. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर उत्तम. नसेल तर हिशोब तुम्ही करून द्या : १२० फवाऱ्यांचा पंप, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, म्हणजे तीस दिवस. सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख मार्करने पंपावरच लिहा. खोक्यावर लिहू नका, खोकं घरी जाताच फेकलं जातं.

हाच हिशोब उलट्या बाजूनेही करायला हवा आणि तो तुमच्याशिवाय कुणाला करता येणार नाही. साल्ब्युटामॉलचा पंप तात्पुरता आराम देतो. श्वासनलिकेची सूज तो कमी करत नाही, ते काम स्टेरॉइड असलेल्या रोजच्या इनहेलरचं आहे. पण आराम दिसतो साल्ब्युटामॉलने, म्हणून पेशंट तेवढाच विकत घेतो आणि रोजचा महाग म्हणून सोडून देतो. दम्यासाठी नुसत्या साल्ब्युटामॉलवर राहू नये असं ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्ट सांगितलं आहे. वर्षात २०० फवाऱ्यांचे तीन किंवा अधिक पंप लागणाऱ्या दमेकऱ्याला मोठा अ‍ॅटॅक येण्याचा धोका वाढतो, बारा किंवा अधिक लागत असतील तर जिवाचा धोका वाढतो. दर महिन्याला साल्ब्युटामॉलचा निळा पंप नेणारा माणूस तुमच्या ओळखीचा असतो. ‘नेहमीचं द्या’ म्हणणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला त्या दिवशी थांबवून डॉक्टरांकडे पाठवा.

स्टेरॉइड शब्दाने लोक घाबरतात, तेव्हा वरचा मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅमचा फरक पुन्हा सांगा. आणि घेतल्यावर खळखळून चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकायला सांगा, गिळायला नको. असं केलं नाही तर तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो आणि पेशंट स्वतःच औषध बंद करतो. सोपं जायचं असेल तर दात घासण्याआधी घेण्याची सवय लावा. ब्रश आणि मशीन एकाच ठिकाणी ठेवलं की आठवणही राहते. न्हाणीघरात मात्र ठेवू नये, कारण ओल.

ओलीबद्दल खास लिहायला हवं, विशेषतः कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या दुकानदारांसाठी. जून ते सप्टेंबर तिथली हवाच ओली असते. दमट हवेत कॅप्सूल मऊ पडते, नीट फुटत नाही, भुकटीच्या गुठळ्या होतात. कॅप्सूल घ्यायच्या वेळीच डबीतून काढायची, कोरड्या हाताने, आणि झाकण लगेच घट्ट लावायचं. आठवड्याच्या कॅप्सूल काढून गोळ्यांच्या डबीत भरून ठेवणं बंद करायला सांगा. फ्रिजमध्येही ठेवू नये, बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं. मशीन धुतलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वापरायचं नाही. पंपाचं प्लास्टिक आठवड्यातून एकदा डबी काढून कोमट पाण्याने धुवावं, नाहीतर बारीक भोकाशी औषध साठून फवारा तिरका आणि अशक्त होतो. धातूची डबी धुवायची नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पंप गाडीच्या डॅशबोर्डवर राहू देऊ नका, डबीत दाबाखालचा वायू आहे.

कंपनी बदलून देण्याबद्दल कळकळीने सांगायचं आहे. गोळीत औषध तेच असलं की ब्रँड बदलल्याने पेशंटचं फारसं अडत नाही. इनहेलरमध्ये मशीन बदललं की सगळी कृती बदलते. फिरवायचं मशीन वापरणाऱ्याला दाबून बंद करायचं मशीन मिळालं आणि कुणी दाखवलं नाही, तर तो त्यातही फिरवायला जागा शोधत बसतो. चिठ्ठीतलं नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन बदलू नका. आणि बदललंच, तर नव्याने शिकवल्याशिवाय सोडू नका.

तुम्हाला वेळ नसतो हे आम्ही जाणतो. संध्याकाळी सात वाजता काउंटरवर पाच माणसं उभी असतात. पण पेशंटला समुपदेशन करणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी नोंदणीकृत फार्मासिस्टचंच काम मानलं आहे, ते कुणी उपकार म्हणून करायचं नाही. एका पेशंटला लागतात दोन-तीन मिनिटं. गर्दी असेल तर त्याला दुपारी यायला सांगा. कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून औषध नसलेला, शिकवण्याचा पंप मागून घ्या. तो फक्त तुमच्या हातात राहू द्या. पेशंटने स्वतःचंच मशीन तोंडाला लावावं. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्याला करायला सांगा, चुकेल तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा करून घ्या. म्हाताऱ्या माणसाला घरी औषध देणारी सून किंवा नातू असेल तर त्यांनाही समोर उभं करा. एकदा शिकवून भागत नाही. चार ते सहा आठवड्यांत चुका परत येतात, म्हणून पुढचा पंप घ्यायला आला की पुन्हा ‘करून दाखवा’.

धाप इतकी की वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर पडलेत किंवा माणूस गुंगीत जातोय, अशी वेळ काउंटरसमोर आली तर पद्धत शिकवत बसायचं नाही. बसवून ठेवा, पाठीवर झोपवू नका. त्याचा साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरला लावून एकेक करून चार फवारे द्या, प्रत्येक फवाऱ्याला पाच-सहा श्वास घेऊ द्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा.

शेवटी एक छोटं काम. रोटाकॅपच्या प्रत्येक डबीवर मोठ्या मराठी अक्षरांत एक चिठ्ठी चिकटवा : ‘गिळू नका. मशीनमध्ये घालून तोंडाने जोरात ओढा.’ पंपावर : ‘हलवा. श्वास सोडा. ओढता ओढता एकदा दाबा. दहा मोजा.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी गिळणाऱ्या तोंडाचं चित्र काढून त्यावर फुली मारा.

आपले,
श्वसनविकारांच्या पेशंटसोबत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट